एकोणीस दिवस देव पाण्यात

...नाही, नाही, आधी मला एवढं सांगा, माणूस पोचला म्हणजे नक्की कुठे पोचला? घराच्या दारात? गावाच्या हद्दीत? की M1 हायवेवरच्या सर्व्हिसेसच्या थांब्यावर लॉरींच्या रांगेत, हातात गार चिप्सचा डबा घेऊन उभा राहिला तरी पोचला म्हणायचं? कारण आमच्या शेजारच्या राजीवनं तसं म्हटलं! सख्ख्या आईला म्हटलं! आणि त्याचं प्रायश्चित्त कोण घेतंय? मी! गेले तीन आठवडे शनिवार उजाडला की हा माझ्या किचनमध्ये येऊन बसतो, माझा चहा पितो, आणि पहिल्यापासून सगळं सांगतो. सगळं! आणि शेवटी दर वेळी विचारतो, "गिरीश, मी वाईट मुलगा आहे का रे?" आता यावर माणसानं काय उत्तर द्यायचं? मी म्हणतो, बिस्किट घे.

तसा राजीव खोटं बोलणारा माणूस नाही हो, हे आधीच सांगून ठेवतो. नॉटिंगहॅममध्ये भूल देणारा डॉक्टर आहे, कन्सल्टंट आहे, लोकांना उपाशी ठेवणं हाच त्याचा धंदा! ऑपरेशनच्या सकाळी पेशंटच्या उशाशी जाऊन विचारतो, "रात्रीपासून काही खाल्लं नाही ना?" पेशंट म्हणतो, "नथिंग, डॉक्टर." की हा नुसता बघतो त्याच्याकडे. बोलत काही नाही, नुसता बघतो! अर्ध्या मिनिटात पेशंट कबूल... "वेल, हाफ अ सॉसेज रोल." असा माणूस! दुसऱ्याचं खोटं पकडण्यात हयात गेली, पण स्वतःचं बोलायची काही सवय नाही, आणि सवय नसलेल्या माणसानं एकदम मोठ्या कामाला हात घालू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

तर यंदा याच्या डोक्यात कॅरॅव्हॅन शिरली. म्हणजे ती हो, गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायची, चाकांवरची खोली... आत बेड, गॅस, बेसिन, आणि एक संडास, ज्याबद्दल मी आज बोलणार नाही कारण तुमची जेवणं व्हायचीत. सेकंडहँड घेतली, एकोणीस दिवसांची रजा टाकली, आणि बायको सुप्रभा आणि चौदा वर्षांची मुलगी अनुया यांना घालून निघाला स्कॉटलंडला. सुप्रभा म्हणत होती, एखादं हॉटेल बघ रे. अनुया म्हणत होती, तिथे वायफाय आहे का? पण हा ऐकतोय कुणाचं! याला म्हणे निसर्गात झोपायचं होतं. एकोणीस दिवसांतले तेरा दिवस निसर्ग यांच्या छपरावर धो धो वाजत होता, ते सोडा.

एकोणीस दिवस! दुखणं इथे आहे बघा. राजीवची आई, मधुमतीबाई, वय अठ्ठ्याहत्तर, ठाण्याला नौपाड्यात एकट्या राहतात. हा दोन वर्षं तिकडे फिरकलेला नाही. दिवाळीला का नाही? रजा नाही. बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा? "आई, मी तिथल्या डॉक्टरांशी सगळं बोललोय, पण रजा..." आणि आता कॅरॅव्हॅनला एकोणीस दिवस! फोनवर आईला सांगताना याची जीभ टाळ्याला चिकटली. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. आणि बाई काय म्हणाल्या असतील? चिडल्या? रडल्या? छे! म्हणाल्या, "एकोणीस दिवस मिळाली का रजा? बरं झालं हो, मिळाली."

बस. एवढंच! अहो, त्यापेक्षा दोन कानाखाली वाजवल्या असत्या तर परवडलं असतं. राजीव म्हणतो, स्कॉटलंडमध्ये एवढे डोंगर बघितले, एवढी तळी बघितली, पण प्रत्येक तळ्याकाठी उभं राहिलं की कानात तेच... बरं झालं हो, मिळाली.

आणि वर बाई म्हणाल्या, "काळजी करू नका तुम्ही. मी देव पाण्यात घालते."

आता तुम्हीच सांगा, देव पाण्यात कधी घालतात? घरात कुणाचं ऑपरेशन असतं, पोराचा दहावीचा निकाल असतो, बाळंतीण अडलेली असते, तेव्हा! देव उचलायचे, पातेल्यात बुडवायचे, आणि काम फत्ते होईपर्यंत बाहेर काढायचे नाहीत. हॉलिडेसाठी कुणी घालतं का? पण मधुमतीबाईंचं म्हणणं, घराला चाकं लावून रस्त्यावर काढायची बुद्धी ज्याला झाली, त्याच्यासाठी एवढं तरी करायलाच हवं. त्यामुळे बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि गणपती, तिघंही स्टीलच्या पातेल्यात. रोज सकाळी ताजं पाणी. शिवाय ज्या दिवशी गाडी हलणार, त्या दिवशी ही मंडळी मुक्कामाला पोचेपर्यंत बाई स्वतः पान वाढून घेणार नाहीत! आणि बाईंना साखर आहे! जेवणाआधी गोळी आहे! मुलगा कन्सल्टंट आहे!

राजीव रागावला. समजावलं. इंग्रजीतून समजावलं. काही उपयोग नाही. संध्याकाळी बाईंचा फोन यायचा, "पोचलात का रे?" आणि हे कुठल्या तरी शेतात, चिखलात, अजून कॅरॅव्हॅन सरळ उभी करतायत! मग यानं युक्ती काढली. गाडी हलायची त्या दिवशीही सकाळी मेसेज टाकायचा, "आज इथेच आहोत." आता हे काही खोटं नव्हे हं, माणूस जिथे असतो तिथे इथेच असतो. तसा राजीव खोटं बोलणारा माणूस नाही!

पण परतीचा दिवस कसा लपवणार? शुक्रवार! बाईंनी कॅलेंडरवर गोल करून ठेवलेला! स्कॉटलंडहून नॉटिंगहॅम, एका दिवसात, मागे कॅरॅव्हॅन. ताशी साठ मैलांच्या वर जायचं नाही, उजव्या लेनमध्ये शिरायचं नाही, वारा आला की मागचं धूड असं असं हलतं आणि सुप्रभा दरवाजाची मूठ धरून मनातल्या मनात जप करते. सकाळी साडेसहाला निघाले, म्हणजे ठाण्यात अकरा. बाईंचा चहा आणि दोन घास पोहे झालेले, त्यानंतर तोंडात काही नाही. पोचले असते हो चारपर्यंत, पण वेकफिल्डच्या पुढे M1 ठप्प! कुठे तरी लॉरी आडवी झालेली. दीड तास. अनुया मागून विचारते, आर वी देअर येट. सुप्रभा म्हणते, मी तेव्हाच हॉटेल म्हणत होते. आणि राजीव घड्याळाकडे बघतोय... इकडे साडेतीन, तिकडे आठ. नऊ तास आईच्या पोटात अन्न नाही. साखर खाली गेली तर? चक्कर आली तर? घरात एकटी, पडली तर दार कोण उघडणार? आणि का? तर मला निसर्गात झोपायचं होतं म्हणून!

एक सर्व्हिसेस आली, तिथे यानं गाडी आत घेतली, लॉरींच्या रांगेत लावली, आणि म्हणाला, "मी आईला सांगतो, पोचलो."

सुप्रभा म्हणाली, "कुठे पोचलो?"

"घरी."

"राजीव, आपण वेकफिल्डला आहोत."

"अगं, तासाभराचा प्रश्न! तासाभरानं जे होणार तेच आत्ता सांगायचं! यात खोटं काय आहे?"

मागून अनुया... पोरगी इथेच जन्मलेली, मराठी तिची तुम्हाला माहीतच आहे... म्हणते, "बाबा, तू आजीला खोटा सांगणार? दॅट्स अ लाय."

"मेडिकल रीझन आहे, अनू!"

"मी तुला लाय केली की तू फोन घेतो!"

यानं सरळ फोन लावला. एका रिंगमध्ये उचलला बाईंनी. म्हणजे फोन हातातच धरून बसल्या होत्या. राजीव एकदम गोड आवाज काढून, "आई! पोचलो गं!"

 मग, "पोचलास?"

"हो, हो, अगदी सुखरूप. आत्ता, हे काय, दारातच उभे आहोत."

आणि नेमकी त्याच क्षणी शेजारची लॉरी मागे यायला लागली. टूँ, टूँ, टूँ... "अटेन्शन, धिस व्हेईकल इज रिव्हर्सिंग!"

"कोण बोलतंय रे बाई?"

"बिन लॉरी, आई. कचऱ्याची गाडी. शुक्रवार आहे ना."

बघा! एक खोटं सांभाळायला दुसरं! आणि सवय नाही हो, घाम फुटला गड्याला. बाई म्हणाल्या, "व्हिडिओ लाव की, घर बघते." हा म्हणाला, "वायफाय बंद आहे, अजून चालू नाही केलं." तिसरं! बाई म्हणाल्या, "बरं, सुप्रभाला दे." आता सुप्रभा हात हलवतेय, नाही, नाही, माझं नाव घेऊ नकोस, यानं फोन तिच्या कानाला लावला. पण आमच्या सुप्रभावहिनी हुशार हं! म्हणाल्या, "आई, तुम्ही जेवून घ्या बघू आधी." यात खोटा शब्द एक नाही! सून सुटली, मुलगा अडकला.

"बरं बाई," पलीकडून आवाज आला. "देव बाहेर काढते आता. मग बसते जेवायला."

आणि वीस मिनिटांनी मेसेज. "जेवले. वरणभात. दमला असाल, पडा जरा." राजीवला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सुप्रभाला दाखवला, अनुयाला दाखवला. "बघा! जेवली की नाही? एवढंसं खोटं, पण म्हातारी जेवली की नाही?" आणि छाती काढून गाडी पुन्हा मोटरवेवर घातली.

दहा मिनिटं. घड्याळ लावून, दहा मिनिटं! फाट्! कॅरॅव्हॅनचं डावं चाक फुटलं. गाडी वाकडी, सुप्रभा किंचाळली, अनुया किंचाळली, मागचा लॉरीवाला भोंगा वाजवत गेला... नशीब म्हणा, पुढे ती नारिंगी रंगाची अडकलेल्यांसाठीची जागा होती, तिथवर कशीबशी ओढत नेली. उतरले, कठड्यापलीकडे गवतात जाऊन उभे राहिले. तिथल्या फोनवरून मदत मागितली, तर पलीकडची ऑपरेटर म्हणाली, दोन तास लागतील, स्वीटहार्ट.

आता राजीवचा देवावर विश्वास आहे का? मुळीच नाही! गणपतीतसुद्धा हा आमच्याकडे मोदकापुरता येतो. पण त्या गवतात उभा राहून याच्या मनात एकच... देव पाण्यात होते तोपर्यंत एकोणीस दिवस साधा ओरखडा नाही. मी खोटं बोललो, आईनं देव बाहेर काढले, आणि निघाल्यावर दहाव्या मिनिटाला! अनुया म्हणाली, "बाबा, कोइन्सिडन्स आहे. सायन्स." हो, सायन्स! सायन्स तोही शिकलाय! पण आता आईला फोन करून सांगणार काय, आई, देव परत घाल पाण्यात? का म्हणून? आम्ही तर पोचलो ना! दारात उभे आहोत ना! कचऱ्याची गाडीसुद्धा येऊन गेली!

मग या माणसानं काय केलं असेल? हसू नका. डॅशबोर्डवर एक बोटाएवढा गणपती चिकटवलेला असतो ना, सुप्रभानं लावलेला? उतरताना यानं तो उचलून खिशात टाकला होता. का टाकला, त्यालाही सांगता येत नाही. अनुयाच्या बाटलीतलं पाणी थर्मासच्या झाकणात ओतलं, आणि गणपती आत! M1 च्या कडेला! कन्सल्टंट अ‍ॅनेस्थेटिस्ट! हातात झाकण धरून सव्वादोन तास उभा, कारण खाली ठेवलं तर कलंडेल. सुप्रभानं एकदा बघितलं, आणि मान फिरवली. तेच जास्त लागलं म्हणतो.

शेवटी रिकव्हरीवाला आला. कीथ नावाचा, चांगला आडदांड, यॉर्कशरचा. त्यानं चाक बघितलं, यांच्याकडे बघितलं, झाकणात डोकावून बघितलं. म्हणाला, "ही ऑल राइट इन देअर, इज ही?"

राजीव म्हणाला, "ही इज... वर्किंग."

"राइट यू आर," कीथ म्हणाला, आणि चाक बदलायला बसला. काय माणूस! पण बसल्या बसल्या विचारतो, घरी कोण वाट बघतंय का? राजीवच्या तोंडून निघून गेलं, आई आहे, इंडियात. तर कीथ पाना खाली ठेवून म्हणाला, त्याची मम एक्क्याऐंशीची आहे, डॉनकास्टरला, प्रत्येक कॉलआउटनंतर तो तिला टेक्स्ट करतो, नाही तर ती झोपत नाही. "रिंग युअर मम, लव्ह. शी'ल बी वरीड."

आता काय सांगणार कीथला? की बाबा रे, माझी मम वरीड नाहीये, कारण मी घरी आहे? राजीव मान खाली घालून म्हणाला, "शी इज फाइन. शी हॅज ईटन." आणि हेच तो मनात घोकत राहिला पुढे. काही झालं तरी आई जेवली ना? वरणभात खाल्ला ना? मग झालं तर! तसा राजीव खोटं बोलणारा माणूस नाही, पण बोलला त्याचं फळ चांगलं आलं, असं तो स्वतःला समजावत होता.

पावणेनऊला पोचले. खरे पोचले! उजेड होता अजून, मी बाहेर झाडांना पाणी घालत होतो, मला हाक मारली कॅरॅव्हॅन घरासमोरच्या ड्राइव्हवर मागे घ्यायला. मी म्हणतोय डावीकडे, हा घेतोय उजवीकडे, माझ्या पायावरून जायची बाकी! उतरला, तर चेहरा असा की मी म्हटलं, काय रे, कुणी गेलं की काय? सुप्रभा दाराचं कुलूप काढता काढता म्हणाली, "आईंना आता खरा फोन कर."

"काय सांगू? पोचलो? एकदा पोचलेला माणूस परत कसा पोचणार, सुप्रभा? आणि तिथे सव्वा वाजलाय. जेवून झोपली असेल ती. कशाला उठवायचं?"

सुप्रभा म्हणाली, "बघ बाबा." आता बायको 'बघ बाबा' म्हणाली की नवऱ्यानं काय समजायचं, हे इथल्या विवाहितांना सांगायला नको. पण हा झोपला!

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी दहाला मी यांच्या ड्राइव्हवर, हातात पाण्याचा पाइप, कॅरॅव्हॅन धुतोय. माझी कॅरॅव्हॅन? नाही! मी स्कॉटलंडला गेलो होतो? नाही! पण धुतोय मी! आणि राजीवचा फोन वाजला. आई. यानं स्पीकरवर टाकला, कारण हात ओले.

"राजू, पोचलास का रे?"

राजीव माझ्याकडे बघतोय. मी पाइपाकडे बघतोय. "अगं... कालच नाही का पोचलो?"

"ते फोनवर. खरा कधी पोचलास?"

आणि मग बाई गप्प. बोलतच नाहीत काही, नुसत्या थांबल्यात. तुम्हाला सांगतो, पेशंटचं काय होत असेल ते मला त्या दिवशी कळलं. अर्धं मिनिटसुद्धा टिकला नाही हा. "पावणेनऊला, आई. तिकडचा सव्वा. चाक फुटलं होतं. कुणाला काही लागलं नाही."

"हं," बाई म्हणाल्या. "थांब मग. देव बाहेर काढते."

"म्हणजे? काल काढले नव्हतेस?"

"नाही रे. वाटेतल्या माणसाचे देव कसे काढणार?"

राजीवचा चेहरा पांढरा. "पण तू जेवलीस ना, आई? तू मेसेज केलास. वरणभात."

"तू पोचलो म्हणालास, मी जेवले म्हणाले."

मी नळ बंद केला.  मग बाईच म्हणाल्या, "अरे, घाबरू नकोस, दूध घेतलं, दोन केळी खाल्ली, गोळी घेतली. डॉक्टरची आई आहे मी. नुसतं पान वाढलं नव्हतं, एवढंच. सकाळी करणार होते तुला फोन, पण म्हटलं दमला असशील, झोपू दे." ठाण्यात तेव्हा अडीच वाजत आले होते हो! हा झोपून उठावा म्हणून ती बाई दुपारच्या अडीचपर्यंत थांबली होती!

राजीवच्या डोळ्यांत पाणी. बावन्न वर्षांचा माणूस, हातात साबणाचा स्पंज. म्हणाला, "आई, चुकलो गं. तू उपाशी राहू नयेस म्हणून बोललो."

"माहीत आहे मला."

"पण तुला कळलं कसं? ती लॉरी ओरडली, त्यानं? सुप्रभाच्या आवाजावरून?"

"छे रे. लॉरीचं मला काय कळतंय?" आणि इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या... राग नाही, टोमणा नाही, काही नाही... "तेवीस वर्षं झाली तुला तिकडे जाऊन. विमानानं जा, गाडीनं जा, पोचल्यावर तू आपणहून कधी फोन केलायस? नेहमी मीच करते. काल तुझा आला, तेव्हाच म्हटलं, हा काही पोचलेला नाही."

  मी तर घरी आलो आणि माझ्या आईला सोलापूरला फोन लावला. ती म्हणाली, काय रे, तब्येत बरी आहे ना?

आता राजीव सुधारलाय. रोज सकाळी हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये गाडी लावली की पहिलं काम, आपणहून फोन. "आई, पोचलो गं." खराखुरा पोचलेला असतो हो! एक दिवस चुकवत नाही. आणि तीन आठवडे झाले, रोज, न चुकता, पलीकडून बाई विचारतात, "बरं, आता खरं सांग. कुठे अडकलायस?"